अठाईचं पाणी

माझा स्वभाव संशयी. दूध वास घेतल्याशिवाय घेत नाही आणि माणसाचंही तेच. म्हणून लोकांचे 'अनुभव' मी कधी मनावर घेतले नाहीत. पण पर्युषणातल्या त्या वादळाचं सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आम्ही मारवाडी जैन, अंबडला पिढ्यान्‌पिढ्या राहणारे. सासूबाईंची अठाई चालू होती. आठ दिवस अन्न नाही, फक्त उकळून गाळलेलं पाणी, तेही दिवसाच. सूर्य मावळला की थेंबही नाही. सहाव्या दिवशी सकाळी वारा असा सुटला, की स्वयंपाकघरावरचे पत्रे उडाले आणि पाठोपाठ नाल्याचं पाणी घरात शिरलं. शेगडी, उकळत ठेवलेला हंडा, सगळं बुडालं. सासूबाईंना मी कसंबसं गच्चीवर नेऊन ताडपत्रीखाली बसवलं. हे जालन्याला गेलेले, रस्ता बंद, फोनही बंद.

दुपारनंतर सासूबाईंना ग्लानी येऊ लागली. आदल्या संध्याकाळपासून पोटात थेंब नव्हता. 'साधं पाणी घ्या, पाप माझ्या माथी,' म्हणून मी मोठ्यानं रडले. त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि नवकार मंत्र म्हणत राहिल्या. मला धर्माचाच राग आला. ज्याच्यासाठी ही बाई उपाशी बसली, त्यानंच तिचा जीव घ्यावा?

तेवढ्यात मागच्या घरची बाई कठडा ओलांडून किटली घेऊन आली. वडीगोद्रीचं शेतकरी कुटुंब, नुकतंच भाड्यानं आलेलं. आमचं वाळवण चोरीला गेलं तेव्हा माझा वहीम त्यांच्यावरच होता. तिनं माझं रडणं ऐकलं होतं. म्हणाली, उकळेल पाणी हाये, आजीला पाजा.

या पावसात उकळलं कुठं? म्हातारीचा जीव वाचावा म्हणून कुणीही थाप मारील. मी तोडूनच विचारलं, "उकळी फुटली होती का बराबर?"

ती चिडली नाही. "माझी लेक बाळंतीण हाये, भाभी. जिन्यात स्टोव्ह पेटवून तिच्यासाठी उकळलंय. तिला कच्चं पाजीन का मी?"

मी तिच्या हातून किटली घेतली. मी पदरातून पाणी गाळलं. सासूबाईंनी विचारलं, दिवस आहे ना अजून? ढगांत काही कळत नव्हतं. 'आहे' असं खोटंच सांगणार होते, तोच पश्चिमेला ढग फाटले आणि टेकलेला सूर्य दिसला. योगायोगही असेल, मी वाद घालत नाही. सासूबाई पोटभर पाणी प्यायल्या.

पाणी ओसरलं, अठाई पार पडली. पारण्याला मुगाच्या पाण्याचा पहिला चमचा घरच्यांनी द्यायचा असतो. सासूबाईंनी त्या बाईला बोलावून घेतलं. खरं सांगते, मला झोंबलं. सेवा मी करायची आणि मान हिला!

ती चमचा हातात घेऊन थबकली. माझ्याकडे बघत हळूच म्हणाली, "माझ्या हातचं चालंल ना, भाभी?"

तिच्यावर हे विचारायची वेळ मीच आणली होती. मला रडू आवरेना. तिचा हात धरून मीच तो चमचा सासूबाईंच्या ओठांशी नेला. कृपा कुणाच्या हातून यावी हे ठरवणारी मी कोण? ती आली की ओंजळ पुढं करावी, एवढंच आपलं काम.