नाव काढताना

सोमवारी सकाळी युनूसला उशीर झाला की मला राग यायचा. मी ऑफिसात यादी उघडून बसलेलो असायचो, चहा आलेला असायचा, आणि हा रस्त्यात कोणाशी तरी गप्पा मारत उभा असणार हे ठरलेलं. त्या सोमवारीही तसंच वाटलं. मोबाईल वाजला, स्क्रीनवर त्याचंच नाव होतं. मी उचलला आणि नेहमीसारखा खेकसलो, "कुठं मेला बे?" पलीकडून त्याच्या मुलाचा, अर्शदचा आवाज आला. "काका, अब्बा गेले." पहाटे नमाजला उठला होता, वजूसाठी हात-पाय धुता धुता छातीत कळ आली आणि गाडी दारात येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्या पोराला मी धीराचा एक शब्द बोललो नाही. तोंडातून गेलेलं ते वाक्य परत घेता येईल का, एवढंच डोक्यात फिरत राहिलं. खरं तर आमच्याकडे मित्राला असंच बोलतात. युनूसनं ते ऐकलं असतं तर म्हणाला असता, "हाव, मेलो. आता पुढचं बोल."

मी कमी बोलणारा माणूस आहे. लोक त्याला भिडस्तपणा म्हणतात, काही जण चांगुलपणाही म्हणतात. त्यातलं काय खरं आणि काय खोटं हे एकट्या युनूसला माहीत होतं, म्हणून त्याच्याबद्दल लिहायचं तर मला माझ्याबद्दलही लिहावं लागणार.

मलकापूरला कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो. त्याचे वडील गाद्या-रजया भरायचे, माझे नगरपालिकेत कारकून. पुढे आम्ही मिळून कॉम्प्युटर क्लास काढला, तो बंद पडला, आणि मग हळूहळू जिल्ह्यातल्या छोट्या-मोठ्या पॅथॉलॉजी लॅबचं काम हाती आलं. रक्त-लघवीचे रिपोर्ट तयार करणारं सॉफ्टवेअर आमचं, आणि ते रिपोर्ट सांभाळून ठेवायची जबाबदारीही आमची. रिपोर्ट क्लाउडवर कुलूपबंद असतात. त्या कुलपाची किल्ली कोणाच्या खिशात नसते, क्लाउडवाल्या कंपनीच्या किल्ली-सेवेतच ती राहते आणि आम्हाला कधी दिसतही नाही. आमच्या हातात असते फक्त एक यादी. ही किल्ली वापरून रिपोर्ट कोण उघडू शकतो आणि ही यादी कोण बदलू शकतो, एवढंच त्यात असतं. सगळी मेख त्या यादीत.

दर सोमवारी युनूस ती यादी मोठ्यानं वाचायचा, शाळेत हजेरी घेतात तशी. नाव वाचायचं, थांबायचं आणि विचारायचं, "काऊन?" या माणसाला परवानगी का, याचं एका वाक्यात उत्तर द्यायचं. उत्तर द्यायला अडखळलो की नाव गेलं. नोकरी सोडणाऱ्यांबद्दल त्याचा आणखी कडक नियम होता. "मानूस गेला का त्याच दिवशी नाव काढाचं. निरोपाचा चहा मंग." मी हसायचो. म्हणायचो, माझी आई मला जन्मभर सांगत आली, शिक आणि नाव काढ. आणि तू इथं दर महिन्याला कोणाचं ना कोणाचं नाव काढतोस. त्यालाही तो विनोद आवडायचा. कोणी काम सोडून निघालं की दारात उभा राहून सांगायचा, "जाय बापू, तिकडं नाव काढजो. इथलं म्या काढलं." आमच्या दोघांच्या नावांवर मात्र तो "काऊन" विचारायचा नाही. आम्ही मालक. आम्हाला सगळंच करता यायचं, उघडताही आणि बदलताही.

तिथंच मी घसरलो. धामणगाव बढ्याला माझी थोरली बहीण असते, आक्का. तिच्या मुलीला स्थळ आलं, मुलाची तपासणी आमच्याच एका लॅबमध्ये झाली होती. आक्काचा फोन आला. "तुले तं सगळं दिसते म्हनतात. पाह्य ना जरासा. पोरीच्या जल्माचा प्रश्न हाये." मी पाहिलं. सगळं ठीक होतं, तसं सांगितलं. लग्न झालं, भाची सुखात आहे. त्या मुलाच्या नकळत मी त्याच्या रक्तात डोकावून आलो, हे त्याला आजही माहीत नाही. तो दरवर्षी दिवाळीला माझ्या पाया पडतो आणि मी त्याच्या डोक्यावर हात ठेवतो...

गोष्ट नातेवाइकांत पसरली. मामाला विचारा, मामाला दिसतं. मग एका चुलतभावाच्या मुलीसाठी दुसरबीडचं स्थळ आलं, आणि त्यानं विचारलं. एव्हाना मला लाज वाटू लागली होती. या वेळी उघडायचं नाही असं मी ठरवलं आणि उघडलं नाही. पण ते स्पष्ट सांगायला जीभ उचलली नाही. एवढंच म्हणालो, "मी यात काही बोलत नाही." भावानं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि उठून गेला. पुढच्या आठवड्यात त्यांनी दुसरबीडला नकार कळवला. मामा आक्काला "ठीक आहे" म्हणाला होता आणि आता गप्प बसला, म्हणजे नक्कीच काहीतरी असणार. मला ते कळत होतं. एका फोनचं काम होतं. मी केला नाही.

मुलाचे वडील ऑफिसात आले. साधा माणूस, हायवेला टायरचं दुकान. हातात मुलाच्या रिपोर्टची घडी. टेबलाशी उभं राहून म्हणाले, "आमच्या पोराला काय झालंय तेवढं सांगा. डॉक्टर म्हनतो काही नाही. पाव्हने म्हनतात, तुमच्या मानसानं तोंड उघडलं नाही." युनूसनं त्यांना बसवलं, पाणी दिलं. कोणता रिपोर्ट कोणी कधी उघडला याची नोंद आपोआप होत असते. ती त्यानं काढली आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. "पाहा काका. तुमच्या पोराचा रिपोर्ट लॅबनं बनवला, त्याच्यानंतर आजलोक कोनीच उघडला नाही." त्यांनी बराच वेळ स्क्रीनकडे पाहिलं. मग माझ्याकडे बोट केलं. "मग हे गप का बसले?" मी तेव्हाही गप्पच होतो.

ते गेल्यावर युनूस नोंदी खाली सरकवत राहिला. आक्काच्या जावयाच्या रिपोर्टपुढे माझं नाव होतं. त्याला ते दिसलं, आणि दिसलं हे मला दिसलं. दुपारी जेवण झाल्यावर म्हणाला, "पद्या, यादी काढ." आणि माझं नाव किल्ली वापरणाऱ्यांतून काढलं. लगेच स्वतःचंही काढलं, यादी बदलणाऱ्यांतून. म्हणजे आता रिपोर्ट उघडायचा तर तो, आणि यादी बदलायची तर मी. शिवाय मी यादीत एक अक्षर जरी बदललं तरी मेसेज तीन मोबाईलवर जाणार अशी सोय केली. एक माझ्या, एक त्याच्या आणि एक ज्यांच्या लॅबपासून आमचं काम सुरू झालं त्या म्हाताऱ्या डॉक्टरीणबाईंच्या. सगळं झाल्यावर म्हणाला, "आता तू गप्प बसला तं कोनाचं वाईट होनार नाही बे."

मला ते फार लागलं. त्या संध्याकाळी चहाच्या टपरीवर मी सांगितलं की युनूसनं माझे अधिकार काढले. का काढले ते सांगितलं नाही. ऐकणाऱ्यांपैकी एक जण म्हणाला, "शेवटी ते लोक तसेच." माझ्या बाकावरच्या मित्राबद्दल, माझ्यासमोर. मी चहा पीत राहिलो... एवढंच केलं, चहा पीत राहिलो. या लेखात लिहिण्यासारखं माझ्याकडे यापेक्षा वाईट काही नाही. गाव लहान, गोष्ट त्याच्यापर्यंत पोचायची ती पोचली. दुसऱ्या दिवशी माझ्यापुढे कप ठेवत तो म्हणाला, "तू चहा लई सावकाश पेतो ना बे?" बस. पुन्हा कधी तो विषय नाही.

राग उतरायला मला महिने लागले, आणि तो उतरला एका फोनवर. कोण्या लांबच्या नातेवाइकानं पुन्हा तेच विचारलं, "पाहून सांग ना." माझ्या तोंडून सहज निघून गेलं, "मला उघडताच येत नाही हो." फोन ठेवला आणि लक्षात आलं, वाक्य खरं आहे. त्यात भीड नव्हती, लपवाछपवी नव्हती. आपल्याला एखादी गोष्ट करता येत नाही याचा इतका आनंद होऊ शकतो हे मला ठाऊक नव्हतं. पाठीवरचं पोतं कोणीतरी मागून अलगद उचलून घ्यावं, तसं झालं. युनूसला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. तो मात्र दर सोमवारी यादी वाचताना आता माझ्या नावावरही थांबायचा. "पद्माकर, यादी बदलाले. काऊन?" मी म्हणायचो, "कारण मला उघडता येत नाही." तो मान हलवायचा आणि स्वतःच्या नावावर जायचा.

युनूसला माती देऊन कब्रस्तानातून बाहेर पडताना कोणीतरी माझा हात धरला. दुसरबीडचे तेच गृहस्थ, केस पार पांढरे झालेले. मला तिथंच बोलावंसं वाटलं, आणि बोललो. म्हणालो, "तुमच्या मुलाचं स्थळ माझ्यामुळं मोडलं. मी रिपोर्ट पाहिलाच नव्हता, आणि तेवढंही सांगितलं नाही." ते म्हणाले, "कवाच मिटलं हो ते. त्याच साली पोराचं लग्न झालं, आता दोन लेकरं हायेत. युनूसभाई आले व्हते ना लग्नाला, पंगतीत बसून जेवले." मग माझा हात दाबून म्हणाले, "ते बोलले व्हते तवाच. आमचा मानूस वाईट नाही म्हने, त्याला 'मला माहीत नाही' एवढं म्हनता येत नाही." कब्रस्तानच्या दारात मला हसू आलं आणि रडूही. इतकी वर्षं मी ज्याचं ओझं वाहत होतो ते युनूसनं केव्हाच एका ओळीत सांगून मिटवलं होतं, मला न विचारता.

त्यानंतर त्याचा नियम मी मोडला. माणूस गेला की त्याच दिवशी नाव काढायचं; मी आठवडे जाऊ दिले. यादी उघडायचो, त्याचं नाव पाहायचो, बंद करायचो. लॅबचं रोजचं काम चालू होतं, पण एखादा रिपोर्ट मधेच अडकला तर तो उघडून दुरुस्त करणारा माणूस उरला नव्हता. शेवटी आमच्या ऑफिसातल्या सुषमाताई, पूर्वी लॅबमध्येच तंत्रज्ञ होत्या, माझ्या टेबलाशी आल्या. "दादा, एका बाईचं ऑपरेशन थांबलंय. तिचा जुना रिपोर्ट अडकलाय. काहीतरी करा." नेमका त्याच दुपारी आक्काचा फोन. धाकटीला स्थळ आलंय. "आता तं तूच हायेस ना सगळ्याच्या वर? युनूसभाई होते तवा गोष्ट निराळी."

तिचं चुकलं नव्हतं. यादी बदलण्याचा अधिकार माझाच होता. युनूसचं नाव काढायचं आणि तिथं माझं घालायचं, अर्ध्या मिनिटाचं काम. बाईचा रिपोर्ट सुटला असता, आक्का खूश झाली असती, आणि सोय म्हणून ते कोणालाही पटलं असतं. मी आक्काला म्हणालो, "मला उघडता येत नाही आक्का, आणि येऊही देणार नाही. पोराले सरळ विचारा. तोच दाखवेल." ती फणकारली, "येवढा मोठा झाला तू?" आणि फोन ठेवला. रागावली असेल. पण माझ्या गप्प बसण्यातून आता कोणाचं लग्न मोडणार नव्हतं. मग मी युनूसचं नाव काढलं आणि तिथं सुषमाताईंचं घातलं.

माझा मोबाईल वाजला, मेसेज. मग लगेच फोन, आणि स्क्रीनवर पुन्हा युनूसचं नाव. या वेळी मी नीट उचलला. रेहानाभाभी होत्या, युनूसची बायको. "पद्माकरभाऊ, यांचा फोन वाजला आत्ता. इंग्रजीत काही आलं, तुमचं नाव दिसते त्याच्यात. सगळं ठीक हाये ना?" मी म्हणालो, "भाभी, युनूसचं नाव काढलं आज. उशीर केला मी." त्या म्हणाल्या, "त्याच दिवशी काढाचं असते ना? ते घरीबी म्हनत." मग आवाज भरून आला, पण त्यात हसूही होतं. "चालते हो. ते सोता कुठं टायमावर येत सोमवारी?"

सुषमाताईंनी तो रिपोर्ट सोडवला. टपरीवर गेलो तेव्हा "ते लोक तसेच" म्हणणारा तो माणूसही होता, आणि इतक्या वर्षांनी मी त्याला सांगितलं की युनूसनं माझे अधिकार का काढले होते. चहा निवला, राहू दिला.

परवाच्या सोमवारी सुषमाताई यादी घेऊन बसल्या. त्यांची वाचायची पद्धत वेगळी, भरभर वाचतात. माझ्या नावाशी मात्र थांबल्या, चष्म्यावरून पाहिलं आणि अगदी त्याच्यासारखं विचारलं, "पद्माकर. काऊन?"

मी अडखळलो नाही.