उपासातली गोळी

“देवी आली गं! बसू देऊ नका तिला,” मागून कुणीतरी म्हणालं.

अष्टमीच्या आरतीत आमच्या शेजारच्या काकू डुलत होत्या. दोघींनी त्यांना दंडाला धरून ताठ उभं केलं होतं आणि तिसरी मळवट भरत होती.

काकूंचं सगळं झटक्यात असतं. बोलता बोलता ताडकन उठतात, चौकट धरून डोळे मिटतात आणि वर हसतात, “काय न्हाय गं, जरा काजवे चमकले.” मी फार बोलत नाही, म्हणून मला मॅडम म्हणतात. अष्टमीला त्या पाणीसुद्धा पीत नाहीत, पण वाढलेल्या बीपीची गोळी चुकवत नाहीत. आज सकाळीही चमचाभर तीर्थाबरोबर गिळली. “गोळीनं उपास मोडत न्हाय, मॅडम.”

अंगात आलेल्या बायका मी पाहिल्यात. त्या घुमतात, लालबुंद होतात. काकूंचे ओठ मात्र पांढरे पडले होते आणि मळवट घामानं ओघळत होता. दिवसभर पोटात पाणी नाही, त्यात दाब उतरवणारी गोळी. असं उभं धरल्यावर रक्त डोक्यापर्यंत चढणार कसं?

“आई, माझ्या लेकीचं कधी जमंल?” एकीनं हात जोडून विचारलं. काकूंची मान लुळी पडली. तरी सगळ्या उत्तराची वाट बघत होत्या.

मी बायकांना ढकलत पुढे गेले.

“आडवं करा त्यांना! पाय वर धरा, कुणीतरी गाडी बोलवा. देवीची माफी मी मागते.”