चाळीस म्हशी

सोळा सोमवारांचं व्रत मी केलं होतं ते माझ्या लेकीसाठी, सुनंदासाठी. आणि त्याच व्रताच्या पुण्याईनं मी तिला बुडवायला निघाले होते. हसू नका, आधी ऐका तर खरं!

आम्ही आंधळगावचे. ऐंशी साल उलटून गेलं होतं, आणि भंडाऱ्याला सुनंदाच्या कॉलेजात एकुलता एक कॉम्प्युटर आला होता, तोही कापडाखाली झाकलेला. पोरांनी त्याला लांबूनच नमस्कार करायचा. नागपूरहून एक सर येणार होते. कॉम्प्युटर आकडे कसे ठेवतो, ते घरच्या वस्तूंतून जो नीट समजावील त्याला नागपूरच्या वर्गात जागा.

सुनंदाच्या बाबांनी आधीच बजावलं होतं, "निवड झाली तं नागपूर. नाही तं सिहोऱ्याच्या पाहुण्यांले मी होकार देऊन टाकतो."

आता सांगा, मी देवाला नाही तर कुणाला धरणार?

सुनंदानं एका पुठ्ठ्यावर आगपेटीच्या दहा डब्या चिकटवल्या. शून्य ते नऊ नंबर. सोमवारी माझं उद्यापन, मंगळवारी तिची परीक्षा. मी माळ ओढून राहिले होते आणि ही समजावून राहिली होती.

"आई, 'धान' म्हटलं की अक्षरांना मी जे नंबर दिले त्यांची बेरीज करायची. बेरजेचा शेवटचा आकडा तोच डबीचा नंबर. धानाची बेरीज सत्तावीस, म्हणून सात नंबरची उघडली की धानाची पोती किती, ते लिहिलेली चिठ्ठी. बाकी डब्या शोधत बसायचं कामच नाही! आयकून राहिली ना वं?"

"हो वं बाई, आयकून राहिली," मी म्हटलं. माळेचे किती मणी झाले तेवढं मला ठाऊक होतं, बस्स.

मंगळवारी सकाळी ती आंघोळीला गेली आणि मी डब्या उघडून पाहिल्या. चार डब्यांत चिठ्ठ्या, तेही एक इथं, एक तिथं. सहा डब्या रिकाम्या! शुभकार्याला घरातून रिकामी डबी पाठवायची? आम्ही शेजारणीचा डबासुद्धा रिकामा परत करत नाही!

मी चारही चिठ्ठ्या पहिल्या चार डब्यांत ओळीनं लावल्या. उरलेल्या सहांत उद्यापनाचं कुंकू, अक्षता, बेलाचं पान. पुठ्ठ्याला नमस्कार केला आणि वरून फडकं बांधलं. किती समाधान वाटलं म्हणून सांगू!

भंडाऱ्याला आम्ही दोघंही गेलो. हे मागच्या बाकावर, मी त्यांच्या शेजारी. सुनंदा झकास बोलली. सरांनी मान डोलावली. "बरं, धान काढून दाखवा."

तिनं बोटांवर बेरीज केली. "सत्तावीस. म्हणजे सात." सात नंबरची डबी उघडली.

बेलाचं पान!

सरांनी ते उजेडात धरलं. "यंदा धान एवढंच झालं का?"

वर्गात खसखस पिकली. पोरीचा चेहरा पांढराफटक. अरे देवा, रिकाम्या डब्या!

"म्हैस काढा," सर म्हणाले.

तिनं पुन्हा बेरीज केली आणि दोन नंबरची डबी उघडली. चिठ्ठी होती! माझा जीव भांड्यात पडणार, तेवढ्यात सरांनी वाचलं, "चाळीस."

मागून हे ओरडले, "चाळीस म्हशी? आपल्या घरी? कधी आणल्या वं?"

आता काय राहिलं होतं? मी उठून उभी राहिले. "सर, पोरीची चूक नाही जी. मीच चिठ्ठ्या आवरून ठेवल्या. रिकामी डबी पाठवू नये ना."

"मग धान कुठं आहे, बाई?"

"पहिल्या चारांत कुठंतरी हाय जी."

"कुठंतरी?"

कोणी हसलं नाही.

आणि सुनंदा बोलली. "सर, आईनं एकही आकडा हरवला नाही. चाळीस तिथंच आहे. पण बेरजेनं ठरलेली जागा सुटली, म्हणून धानाची पोती म्हशी झाली. आता दरवेळी डब्या उघडत बसा, आणि सापडलं तरी ते कशाचं, कळणार नाही. त्या सहा डब्या वाया गेलेल्या नव्हत्या. नवीन नाव आलं की त्याची जागा तयार असावी, म्हणून रिकाम्या होत्या."

सरांनी बेलाचं पान परत सात नंबरच्या डबीत ठेवलं आणि म्हणाले, "इतकं चांगलं उदाहरण मलाही सुचलं नसतं. आईला मुद्दाम आणलं होतं का?"

निवड झाली! बसस्टँडवर हे एवढंच म्हणाले, "सिहोऱ्याले पत्र टाकतो. आणि तू घरी जाऊन म्हशी मोज."

महिन्याभरानं नागपूरहून सुनंदाचं पत्र आलं. 'आई, इथं कोणाचा प्रोग्राम चुकला की सगळा वर्ग म्हणते, चाळीस म्हशी निघाल्या!'

देवानं माझं ऐकलं, पण माझी चांगली फजिती करून. त्या दिवसापासून मी एक व्रत धरलं आहे : दुसऱ्याची मांडणी विचारल्याशिवाय आवरायची नाही. याला उपास नाही, उद्यापनही नाही. तुम्हीही धरा, बायांनो, हात जोडून सांगते. नाहीतर माझ्यासारख्या नसलेल्या चाळीस म्हशी जन्मभर सांभाळाव्या लागतात!