पुरीला केव्हा जावं

समुद्र पाहायला कोणत्या महिन्यात जावं, असं कोणी मला विचारलं की माझं डोकं फिरतं. विचारणाऱ्या बिचाऱ्याचा काही दोष नसतो. त्याला रजा टाकायची असते, खोली सांगून ठेवायची असते. पण मी खेकसते, "जायचं तर जा ना बाप्पा, नाहीतर बस घरी." समोरचा मनात म्हणत असेल, ही बाई अशीच तुसडी दिसते. असू दे. हा प्रश्न मी लहानपणी इतक्यांदा ऐकला आहे, आणि त्यानं माझ्या आईची किती वर्षं खाल्ली ते डोळ्यांनी पाहिलं आहे, की मला त्याच्याशी गोड बोलता येत नाही.

आम्ही बडनेऱ्याला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. बाबा मालधक्क्यावर क्लार्क. रेल्वेच्या माणसाला दरसाल पास मिळायचे, बायकापोरांसकट, कुठंही जा. म्हणजे परवडत नाही असं सांगायची सोयच नव्हती. कलकत्ता मेल आमच्या मागच्या रुळांवरून जायची तेव्हा फळीवरची भांडी वाजायची. त्याच गाडीत बसायचं, खरगपूरला उतरायचं, तिथून दुसरी गाडी धरायची, की आलं पुरी. इतकं सरळ होतं. आणि तरी आमच्या घरात पुरीचं घोंगडं सालोसाल भिजत पडलं होतं.

समुद्र पाहायचा होता तो आईला. ती अकोल्याकडची, पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यातली. तिच्या गावात कुठंही विहीर खणा, पाणी खारं. त्यात डाळ शिजायची नाही, डोक्याला लावलं तर केसांच्या जटा व्हायच्या. गावातली म्हातारी माणसं सांगायची, की कधीकाळी इथं समुद्र होता, तो निघून गेला आणि मीठ तेवढं जमिनीत ठेवून गेला. आईच्या मनात ते पक्कं बसलं होतं. "आमच्या गावाले सोडून गेला तो कसा दिसते, एकदा पायचा हाय मले," असं ती म्हणायची. तिला पुरीचा देव नको होता, देऊळ नको होतं. लाट किती उंच येते आणि येऊन काय करते, एवढंच तिला बघायचं होतं. दागिना मागितला नाही, लुगडं मागितलं नाही, जन्मात मागितली ती ही एक गोष्ट.

बाबा नाही म्हणाले असते तर बरं झालं असतं. नाही म्हणणाऱ्याशी भांडता तरी येतं. बाबा कधीच ‘नाही’ म्हणाले नाहीत. ते म्हणायचे, "जाऊ ना वं. पन बराबर टाइम पाऊन जाऊ."

मुंबई तर हाताशी होती. "मंग मुंबईचा दाखवा," आई एकदा म्हणाली. बाबा हसलेच. "मुंबईचा काय समुद्र हाय? ते त तलाव हाय. पायचा त पुरीचा पावा." झालं, मुंबई कटली. चांगल्यात चांगलं दाखवायचं म्हणून काहीच दाखवायचं नाही, ही बाबांची रीत मला पुढं अनेक पुरुषांत दिसली आणि दर वेळी माझा तितकाच तिळपापड झाला.

संध्याकाळी क्वार्टरसमोर बसायला बाजा पडायच्या. बाबा, स्टेशनातला बंगाली तारबाबू, दोघंतिघं गार्ड, अशी बैठक बसायची आणि पुरीच्या सीझनची चौकशी सुरू व्हायची. तारबाबू त्या भागातला, म्हणून त्याचा शब्द शेवटचा. तो सांगे, थंडी उत्तम. बाबा मान हलवत, की थंडीत कापसाच्या गाठींनी धक्का भरलेला असते, मले रजा कोन देते? मग कोणी उन्हाळा काढला, तर उन्हाळ्यात लग्नं. अकोल्याला आईच्या माहेरचं कोणी ना कोणी बोहल्यावर उभं असायचंच, आणि त्यात सगळा महिना जायचा. आषाढात रथयात्रेची गर्दी, गर्दीत पटकी. श्रावण-भादव्यात पाऊस. पाऊस संपला की तिकडं तुफानं येतात म्हणे. असे बारा महिने बाजेवर बसून निकालात निघायचे, सगळे जण समाधानानं उठायचे, आणि पास तसेच संपून जायचे. हा नन्नाचा पाढा मला तोंडपाठ झाला होता. सगळ्या बडनेरा स्टेशनाला विचारून झालं होतं. जिला जायचं होतं ती आत चहा गाळत होती, तिला कोणी विचारलं नाही.

एकदा मात्र ठरलं. मी तेव्हा अमरावतीला शाळेत जात होते, रोज गाडीनं. दसऱ्याची सुट्टी, पास काढलेला, रजा मंजूर. मी वर्गात सगळ्यांना सांगून मोकळी झाले. आईनं दोन दिवस खपून दशम्या केल्या, तिखट पुऱ्या केल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली. होल्डॉल बांधला. मावशीकडून पितळी डब्बा मागून आणला. शेजारणींना "येतो हं पुरीहून" असं सांगताना तिचा चेहरा काय फुलला होता!

निघायच्या आदल्या संध्याकाळी तारबाबू सहज बोलून गेला, की एकदा याच दिवसांत तिकडं मोठं तुफान झालं होतं, घरंच्या घरं गेली. तो जाऊ नका म्हणाला नव्हता. जुनी गोष्ट सांगत होता, विडी ओढत. पण बाबा आत आले आणि म्हणाले, "सोड वं होल्डॉल. हा टाइम बराबर नाई."

"कोनं सांगतलं?" आईनं विचारलं.

"तारबाबू त्याच मुलखातला हाय. त्याले नाई समजत त का तुले समजते?"

आईनं होल्डॉल सोडला. मी रडले, पाय आपटले, बाबांना नको ते बोलले आणि मार खाल्ला. पुढचे चार-पाच दिवस आम्ही घरातच, त्याच दशम्या, त्याच पुऱ्या खात बसलो. बाबाही खात होते. वरून म्हणाले, "चटनी मस्त झाली." मला त्या क्षणी ती चटणी त्यांच्या डोळ्यांत घालावीशी वाटली. तुफान काही आलं नाही. निदान त्या सुट्टीत पेपरात तशी बातमी आली नाही, मी रोज पाहत होते.

त्यानंतर आईनं पुरीचं नाव काढणं सोडलं. बाजेवर मात्र चौकशी चालूच. लोकांना विषय हवा असतो.

मग, मी कॉलेजात गेले त्या वर्षी, माघात तारबाबूच्या बहिणीचं लग्न निघालं, तिकडं बंगालात. बाजेवरचे सगळे निघाले, नुसते पुरुष. माघ म्हणजे ऐन कापसाचा सीझन. धक्क्यावर गाठींची थप्पी, वॅगनी कमी, व्यापारी बोंबलत, आणि बाबांना रजा मिळाली! कशी मिळाली हो? तोच साहेब, तोच धक्का. मागितली म्हणून मिळाली. याआधी थंडीत कधी मागितलीच नव्हती, हे मला तेव्हा कळलं. माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की मी त्यांना पोचवायला स्टेशनवर गेले नाही.

लग्न लावून मंडळी पुरी करून आली. बाबांनी आईसाठी एक शंख आणला, माझ्यासाठी शिंपल्यांची डबी. आणि मग सुरू झालं. संध्याकाळी बाजेवर बाबा मधोमध बसायचे आणि समुद्र सांगायचे. लाट अशी येते, अशी फुटते, टोपीवाले कोळी माणसाचा हात धरून आत नेतात. आता चौकशीला लोक बाबांकडं यायला लागले. अमरावतीहूनसुद्धा एक मास्तर आले होते, उन्हाळ्यात जावं का थंडीत, विचारायला. "माघ," बाबा डोळे मिटून म्हणाले. "माघासारका सीझन नाई." इतक्या वर्षांनी सीझन सापडला होता, आणि तो सांगत असताना आई त्या मास्तरांच्या पुढ्यात चहाचा कप ठेवत होती. मला वाटतं, त्या घरात मला इतका राग कधीच आला नसेल.

आई चहा ठेवून आत गेली नाही. दारात उभी राहिली. म्हणाली, "अवो, पानी खारं होतं काय?"

बाबा म्हणाले, "खारंच राहते समुद्राचं पानी."

"राहते ते मले मालूम हाय. तुमी चाखलं काय?"

"चाखाले मी का लहान पोरगं हाय?"

"उतरले त असान ना आत?"

मास्तर कपात बघायला लागले. तारबाबू विडी शोधायला लागला. बाबा म्हणाले, "सकाळचा गार वारा होता वं. पायात जोडे होते. दुरूनच पायला."

आई हसली. आनंदानं नाही. "मंग मास्तरले सांगा ना," ती म्हणाली, "का माघात लय मस्त सीझन हाय, पन पानी गार राहते." आणि आत गेली. बाबांचा चेहरा उतरला. मला एक क्षण त्यांची कीव आली. एकच क्षण.

त्या वर्षीचा पाऊसकाळ आला. श्रावण लागला. आपल्याकडं उन्हाळ्यानं भाजून निघालेला जीव श्रावणातच कुठं माणसात येतो, हवा गार होते, घराबाहेर पडावंसं वाटतं. वऱ्हाडातल्या बाईला चांगला महिना कोणता विचारा, ती श्रावणच सांगेल. एका संध्याकाळी आई हात पुसत बाहेर आली, सगळी बैठक भरलेली असताना, आणि म्हणाली, "पास काढा. मी न पोरगी पुरीले जातो."

"आता?" बाबा उठूनच बसले. "श्रावनात? पाऊस पडून राहिला तिकडं. समुद्र खवळलेला राहते. हा काय सीझन हाय?"

"मले सीझन नाई पायचा. समुद्र पायचा हाय."

"दोघी बाया? कोन हाय संगं?"

"अकोल्याले मी एकलीच जातो ना जन्मभर? तेच रूळ तिकडंबी जाते."

तारबाबूनं तोंड उघडलं. आई त्याच्याकडं वळली. "भाऊ, तुमी चूप राहा. तुमचं लय आयकलं." चार माणसांदेखत बाबांना नाही म्हणता येईना, कारण ते कधी नाही म्हणालेच नव्हते. दुसऱ्या दिवशी पास आला.

आम्ही गेलो. या खेपेला आईनं दशम्या केल्या नाहीत, स्टेशनांवर मिळेल ते खाल्लं. गाडीत कोणीही आमच्याशी वाईट वागलं नाही. खरगपूरला एका हमालानं आपणहून गाडी दाखवली. पुरीला धर्मशाळेच्या माणसानं आम्हाला पाहून कपाळाला हात लावला. मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाला, या दिवसांत कोणी येत नाही, कोळीसुद्धा कोणाला पाण्यात नेत नाहीत, तुम्हाला कोणी सांगितलं नाही का? "सांगितलं," मी म्हटलं, "बारा महिन्यांचं सांगितलं." त्याला काही कळलं नाही.

पाऊस थोडा थांबला तशा आम्ही निघालो. आवाज आधी आला. मग गल्ली संपली आणि तो समोर होता, राखाडी, सगळा उभा राहिलेला. लाट दूरवर उचलली जायची, उचललेलीच राहायची, आणि मग अशी आदळायची की पायाखालची वाळू हलायची. किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं. मी घाबरले. "माय, इथूनच पाहू," मी म्हटलं. आईनं ऐकलं नाही. चपला काढून माझ्या हातात दिल्या, लुगडं खोचलं आणि चालत गेली. एक लाट फुटून फेसाळत वर आली, तिच्या गुडघ्यांना धडकली आणि तिला बसवूनच मागं गेली. मी ओरडत धावले. तिचा दंड धरून तिला वर ओढलं, वाळूवर आणून बसवलं. ती नखशिखांत भिजली होती, अंबाडा सुटला होता.

मला वाटलं, आता ती हसेल. मी तिच्या तोंडाकडं बघत वाट पाहत होते. तिनं हसावं म्हणून तर मी एवढी वर्षं सगळ्यांशी भांडले होते.

ती हसली नाही. समुद्राकडं बघत बसली आणि तिचा चेहरा तापत गेला. इतक्या वर्षांत मी तिला अशी संतापलेली पाहिली नव्हती. होल्डॉल सोडताना नाही, शंख हातात घेताना नाही. तिनं मूठभर ओली वाळू उचलली आणि जोरात समोर फेकली.

"एवढंच होतं?" ती म्हणाली. "गाडीत बसलो न आलो. एवढंच होतं वं?"

मी तिचे भिजलेले केस पिळायला लागले.

"तू मांडीवर होती तवापासून हे गाडी घरामागून जाऊन राहिली," ती म्हणाली. तिचे दात वाजत होते. "मंग मी कोनाची वाट पायत होती?"