गालिचा कुणी भिजवला

गालिचा उलगडला की तो गुडघ्यांवर बसायचा, डागाला नाक लावायचा आणि गिऱ्हाइकाकडे न बघता निकाल द्यायचा. "मांजर. बोका. तुमच्याकडे जेवतो नि वर हे करतो."

ठाकूरद्वारच्या आमच्या लाँड्रीत मी पुढे पावत्या फाडायचो आणि तो मागच्या मोरीत लोकरीचे गालिचे धुवायचा. बाहेर वाडीवाडीत मुंबई कुणाची यावर सभा चालल्या होत्या. तो म्हणे, "मुंबई कुणाची ते पुढारी ठरवतील. गालिचा कुणी भिजवला ते मी सांगतो."

मंडळी, तुच्छता हा त्याचा मुख्य धंदा, धुलाई जोडधंदा. डागावर गरम पाणी ओतून, सोडा चोळून बायका गालिचा आणत, तेव्हा खुन्याकडे बघावं तसा तो त्यांच्याकडे बघे. "लोकर आहे बाई, तव्याचं बूड नव्हे. घासायचं नाही. दाबायचं." मग थंड पाणी, त्यात थोडा व्हिनेगर, आणि जुन्या धोतराच्या फडक्याने ओल टिपण्यात त्याची अख्खी दुपार जाई.

शेवटची परीक्षा वाडीतला एक कानफाटका कुत्रा घेई. त्याचं नाव इन्स्पेक्टर. वाळलेला गालिचा हुंगून त्याने पाय वर केला, तर पुन्हा धुलाई. "मेल्याला अक्कल नाही, पण नाक आहे," तो म्हणे. "गिऱ्हाइकांना दोन्ही नाही."

एकदा दादरच्या एक वकिलीणबाई आल्या. गालिच्याची गुंडाळी म्हाताऱ्या सासऱ्यांच्या खांद्यावर. बाईंच्या हातात रुमाल.

"आमच्या मोतीने घाण केली," बाई म्हणाल्या. "कुत्र्याला बांधता तरी येतं. मामंजींनी असलं काही सुरू केलं, तर सरळ गावच्या बंद घरात नेऊन ठेवणार. ह्यांना सांगून ठेवलंय."

मामंजी भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले.

तो हुंगत राहिला. नेहमीपेक्षा जास्त वेळ. मग म्हणाला, "कुत्राच."

ते गेल्यावर मी म्हटलं, "एवढा वेळ का रे लागला?"

"माणूस आहे, मेल्या. म्हातारा." आणि त्याने फडका उचलला.

महिन्याभरात बाई पुन्हा हजर. "मोतीला देऊन टाकला, तरी डाग."

"मांजर."

"तिसऱ्या मजल्यावर?"

"मांजराला जिना चढता येतो, बाई."

बाईंना पटलं नव्हतं, हे त्यालाही दिसलं. या खेपेला गालिचा पोचवायला तो स्वतः दादरला गेला. खांद्यावर गालिचा, हातात दोरी, दोरीला इन्स्पेक्टर. "याला ठेवा. मांजरं येणार नाहीत," त्याने सांगितलं. बाईंनी नाक मुरडलं, पण फुकटची राखण त्या कशाला सोडतील? दोरी मामंजींनी हातात घेतली.

पुढे त्या घरचा गालिचा आला की तो गुडघ्यांवर बसतच नसे. मोरीतूनच निकाल देई, "कुत्रा." आणि परीक्षक उरला नव्हता म्हणून प्रत्येक गालिचा दोनदा धुवी.

मुंबई महाराष्ट्राची झाली, त्या उन्हाळ्यात बाई शेवटच्या आल्या. गुंडाळी ड्रायव्हरच्या खांद्यावर. मागे दोरीला इन्स्पेक्टर. "मामंजी वारले. आता याची गरज नाही," म्हणाल्या आणि गेल्या.

त्याने गालिचा उलगडला. डाग कुठेच नव्हता, नुसती धूळ. तरी तो गुडघ्यांवर बसला आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हुंगत गेला. इन्स्पेक्टरही शेजारून हुंगत आला, मधोमध थांबला आणि तिथेच अंग टाकून बसला.

मी त्याला हाकलायला उठलो.

"राहू दे," तो म्हणाला. "आज धुवायचं काही नाही."