आधी वाच, मग सही

अर्जुनी मोरगावच्या तहसीलसमोर अर्ज लिहून देणारे काकाजी नसते, तर माझी बहीण माझ्यापासून कायमची तुटली असती. म्हणून आधी त्यांचं सांगतो.

तुमचं तिथे काम पडलं असेल तर तुम्ही त्यांना पाहिलंच असेल. टिनाच्या शेडखाली टेबल, कागद उडू नयेत म्हणून त्यावर एक जुनं कुलूप. अर्ज लिहून झाला की पेन स्वतःच्या खिशात टाकायचे. मागितलं तरी द्यायचे नाहीत.

"आंधी वाच. मोठ्यानं. मंग सही."

बाबा गेले तेव्हा मी हैदराबादला सेंट्रिंगच्या कामावर होतो. पोचलो तोवर माती झाली होती. रडू आलं नाही. सुट्टी संपायच्या आत गावची, केशोरीची शेती वारसांच्या नावावर चढवायची, एवढंच डोक्यात फिरत होतं. तहसीलला ताई डबा घेऊन सोबत आली होती. काकाजींनी पेन काढून विचारलं,

"वारस कोन कोन?"

"आई अन् मी."

"बस?"

"हो जी."

आमच्याकडे लग्न झालेल्या पोरीचं नाव कोणी सांगतच नाही. मीही तसाच बोलून गेलो. मनात वाईट नव्हतं. मनात काहीच नव्हतं.

कागद समोर आला. म्हणालो, "सातवीत शाळा सोडली जी. धड वाचता येत नाही."

"सातवी म्हंजे लय झालं. मी बसून राहिलो ना, तू वाच."

बोट ठेवून वाचत गेलो. बाबांच्या नावाआधी 'मयत' लिहिलं होतं. बोट तिथेच अडलं.

"काऊन थांबला?"

त्यांनी बाटली सरकवली. "पानी पे. मंग पुढं वाच."

पुढे आईचं नाव, मग माझं. मग कागद संपला. ताई डब्याचं झाकण उघडत होती, लावत होती. मान वर केली नाही.

"ताईचं नाव राहिलं, काकाजी."

"राहिलं नवतं. तू सांगतलं नवतं."

त्यांनी कागद फाडला, नवा घेतला. "बाई, तुहं नाव सांग. पुरं सांग."

ताईनं नाव सांगितलं आणि ती रडली. मी नाही.

दिवाळीत तीन नावांचा सातबारा घेऊन त्यांना दाखवायला गेलो. टेबल नव्हतं. झेरॉक्सवाला म्हणाला, "नजर गेली त्यायची. आता साकोलीले पोरीकडं राह्यते."

मला अजून जाता आलं नाही. पण हैदराबादला खोलीवर रोज पेपरचं अर्धं पान मोठ्यानं वाचतो. एक दिवस साकोलीला जाईन आणि त्यांच्यासमोर बसून अख्खा पेपर वाचून दाखवीन.