दोरीखालचा अनंत

माझ्या सासऱ्यांना निष्काळजी म्हणणाऱ्याने एकदा आमच्या घरी यावं आणि दाराशी काढलेल्या त्यांच्या चपला बघाव्यात. इंचभरही मागेपुढे नाहीत. खुरपं वापरून झालं की धुऊन, पुसून, तेलाचं बोट फिरवून ठेवणार. एकतीस वर्षांत कामाला उशीर कसा तो माहीत नाही. अशा माणसाच्या सेवापुस्तकात लाल शाईने ‘कामात निष्काळजी’ असा शेरा मारला होता. कशावरून? तर एका झुडपाला फुलं येत नव्हती म्हणून!

सासऱ्यांना मी मामा म्हणते. मामा जमीन मोजणीच्या कार्यालयात माळी होते. तिथल्या लोकांना सरळ रेषेचं भारी वेड, आणि मोठ्या साहेबांना तर सगळ्यांहून जास्त. त्यांनी आल्या आल्या आपल्या खिडकीखाली अनंताचं झाड लावून घेतलं. बारा महिने हिरवंगार, पानं तेल लावल्यासारखी चकचकीत. फुललं तर अख्खं आवार घमघमेल. पण सात वर्षांत त्याला सात फुलंही आली नाहीत.

येतील कशी? दरवर्षी थंडी सरताना वरून तपासणी यायची. तिच्या आदल्या आठवड्यात साहेब दोन खुंट्या ठोकायला लावत, तीन फुटांवर दोरी ताणत आणि तिच्यावर पाणसळ धरून ती अगदी सपाट आहे ना ते बघत. दोरीच्या वर जे असेल ते कापायचं. अनंताला कळ्या धरतात त्या फांदीच्या अगदी शेंड्याला, आणि नेमक्या त्याच दिवसांत. टाचणीच्या डोक्याएवढ्या हिरव्या कळ्या मामा स्वतःच्या हाताने कापून टोपलीत भरत. दोन-अडीच महिन्यांनी साहेब खिडकीतून ओरडत, “माळी, फुलं कुठायत?”

तुम्ही म्हणाल, मामांनी सांगायचं नाही का? सांगितलं होतं. दरवर्षी सांगितलं. “साहेब, दोरीनं कळ्या जातात. याला फुलून झाल्यावर कापू.”

साहेब म्हणाले, “बाकीची झुडपं काही म्हणतात का?”

यावर काय बोलणार, डोंबल? एक कारकून म्हणाला, मुळाशी व्हिनेगर घाला. दुसरा म्हणाला, गंजके खिळे पुरा. ज्यांनी आयुष्यात कुंडीला पाणी घातलं नाही ते मामांना झाड शिकवत होते. मामा सगळ्यांचं ऐकून घेत. मला त्याचाच जास्त राग यायचा.

निवृत्तीला वर्ष उरलं आणि हा शेरा पडला. मी घरी शिवणकाम करते. त्या दिवशी मशीनवर बसले होते, मामांनी आणलेली त्या शेऱ्याची नोटीस वाचली आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “मामा, उद्या मी येते तुमच्याबरोबर. साहेबांना दोनच शब्द सुनावते.”

“तुझे दोन म्हणजे दोनशे,” मामा म्हणाले. मग बराच वेळ खिशातली सुतळी बोटाला गुंडाळत बसले. “पोरी, मला त्यांचं काही नको. पण मी घरी आल्यावर ती वही तिथंच कपाटात राहणार. कुणी उघडली तर एकतीस वर्षांतलं माझं एवढंच दिसणार. जायच्या आधी तेवढं निघायला हवं.”

तपासणी जवळ आली, दोरीचा हुकूम निघाला. ऑफिसचा कागद मामा माझ्याकडूनच वाचून घेत. ती भाषा आपल्याला चावते म्हणायचे. मी वाचलं, “आवारातील कोणत्याही झुडपाचा कोणताही भाग तीन फुटांपेक्षा उंच असू नये.”

“पुन्हा वाच.”

मी पुन्हा वाचलं.

“कापा असं कुठं लिहिलंय?”

लिहिलं नव्हतंच. दुसऱ्या दिवशी मामांनी बाकीची झुडपं नेहमीसारखी कापली आणि अनंतापुढे दुपारभर बसले. एकेक उंच फांदी हळूहळू वाकवून, सुतळीने बांधून, जमिनीतल्या खुंटीला अडकवली. फांदीला काच बसू नये म्हणून माझ्याकडच्या कापडाच्या चिंध्या मध्ये घातल्या. एकही कळी पडली नाही आणि एकही शेंडा दोरीच्या वर राहिला नाही. तपासणीला आलेल्यांनी पाणसळ धरली, मान डोलावली आणि चहाला गेले.

वाकवलेली फांदी कळ्या जास्तच धरते म्हणे. तसंच झालं. उन्हाळा तापला आणि अनंत असा फुलला की पानं शोधावी लागत होती. साहेबांनी पाहुणे बोलावले, फोटो काढले. फोटोत मामा नव्हते. “जरा बाजूला व्हा, पाण्याची बादलीही घ्या,” असं त्यांना सांगण्यात आलं होतं. ते बाजूला झाले. फोटो संपेपर्यंत थांबले, मग पुढे होऊन म्हणाले, “साहेब, आता तो शेरा काढाल का?”

साहेब खुशीत होते. म्हणाले, “लिहिलेलं खोडता येत नाही. पण नवं चांगलं लिहितो.”

मामा त्या नव्या शेऱ्याची नक्कल घेऊन घरी आले. मी जेवणाची ताटं मांडत होते. हात पुसून कागद घेतला. त्यात लिहिलं होतं, ‘समज दिल्यानंतर कामात समाधानकारक सुधारणा.’

म्हणजे फुलं आली ती नोटिशीमुळे! ज्याने सात वर्षं कळ्या कापायला लावल्या, त्याच्या नोटिशीमुळे!

“काय लिहिलंय?” मामांनी विचारलं.

“छान लिहिलंय,” मी म्हणाले.

“छान लिहिलं असतं तर ताट आपटलं नसतंस.”

मग मी खरं वाचून दाखवलं. मामा निम्मं जेवून उठले. अन्न टाकताना मी त्यांना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

निवृत्तीच्या दिवशी घरच्यांना चहाला बोलावतात, म्हणून मी गेले होते. भाषणं झाली. नंतर भांडारातला कारकून यादी घेऊन बसला आणि मामा एकेक वस्तू टेबलावर ठेवू लागले. मोठी कात्री, खुरपं, झारी, नळी, खुंट्या दोन. सगळं लख्ख.

“दोरी एक,” कारकून म्हणाला.

“हरवली.”

मी चमकून बघितलं. मामांच्या हातून आजवर सुई हरवली नव्हती. साहेब शेजारीच चहा पीत उभे होते.

“हरवली?” कारकुनाने पेन उचललं. “मग कारण लिहावं लागेल.”

“लिहा की,” मामा म्हणाले. आवाज कधी नव्हे तो चढला होता, खोलीतली सगळी माणसं वळली. “माळ्याच्या निष्काळजीपणामुळे दोरी हरवली, असं लिहा. लाल शाईनं लिहा. साहेब, तुमच्या वहीत माझ्याबद्दल एवढंच एक खरं असू दे.”

साहेबांनी कप खाली ठेवला. कारकुनाने मान खाली घालून लिहिलं आणि मामांनी त्याखाली ठळक सही केली.

दोरी आमच्या गच्चीत आहे. मामांच्या कामाच्या पिशवीतून निघाली, मी तिच्यावर कपडे वाळत घालते. तिकडे नव्या दोरीची मागणी गेलेली आहे, ती अजून मंजूर व्हायची आहे. परवा मामा त्या रस्त्याने जाऊन आले. अनंत आता चार फुटांच्या वर गेलाय म्हणाले.